अर्थांतरित इंग्रजी शब्द, मराठीतील

इंग्रजीतून मराठीत आलेले आणि मूळ अर्थाहून भिन्न अर्थाने रूढ झालेले शब्द. उदा., ‘हॉटेल’ या शब्दाचा इंग्रजीतील मुख्य अर्थ प्रवाशांच्या मुक्कामाची जागा असा आहे. मराठीत मात्र चहा-फराळ वा जेवण मिळण्याचे ठिकाण म्हणजे हॉटेल; मुक्कामाच्या जागेला ‘लॉज’ म्हणतात आणि ‘बोर्डिंग’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी वापरला जातो. तिन्ही शब्द इंग्रजी आहेत. परंतु त्यांच्यातील कामाची वाटणी मराठीने स्वतःच्या गरजेनुसार केलेली आहे. अशा शब्दांना बिघडलेली इंग्रजी समजण्याचा प्रघात सुशिक्षित वर्गात आढळतो. भाषावैज्ञानिक दृष्ट्या तो योग्य नाही. शब्द एकदा दुसऱ्या भाषेत रुजला, की त्याचा अर्थ त्या भाषेतील इतर शब्दांशी असलेल्या संबंधांवरून ठरतो. मूळ भाषेतील अर्थ त्याच्यावर बंधनकारक राहत नाही.

आदानाची प्रक्रिया : शब्द उसना घेताना भाषिक समाज त्याचा संपूर्ण अर्थविस्तार उचलत नाही. तो एका विशिष्ट प्रसंगी, एका विशिष्ट वस्तूच्या संदर्भात ऐकलेले नाव उचलतो. इंग्रजी भाषकाच्या मनात ‘नंबर’, ‘लाइन’, ‘पेपर’ यांसारख्या शब्दांभोवती अनेक अर्थांचे जाळे असते; रेल्वेस्थानकावर, कचेरीत किंवा शाळेत तो शब्द प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसापुढे केवळ समोरची वस्तू असते. त्यातून दुसरी गोष्ट उद्‌भवते. उसन्या शब्दाला रिकामी जागा मिळतेच असे नाही. मराठीतील जुने शब्द त्या क्षेत्राचा काही भाग आधीच व्यापून असतात. ‘ग्लास’ हा शब्द आला तेव्हा ‘काच’ हा शब्द प्रचारात होता. म्हणून पदार्थवाचक अर्थ मागे राहिला व ‘ग्लास’ केवळ पाणी पिण्याच्या भांड्याचे नाव झाले. पुढे काचेशी असलेला संबंध पूर्णपणे तुटून पितळेचा, स्टीलचा ग्लासही संभवला.

ऐतिहासिक टप्पे : या प्रक्रियेला इंग्रजी राजवटीपूर्वीच प्रारंभ झाला होता. महादजी शिंदे यांच्या सेवेतील डी बॉइन (१७५१–१८३०) या सेनानीने यूरोपीय पद्धतीची कवायती फौज उभारली. तिच्या दलांना ‘कंपू’ म्हणत. हा शब्द इंग्रजी ‘कँप’ वा पोर्तुगीज ‘कांपो’ यावरून आला असावा. मूळ अर्थ छावणीचा. मराठीत तो छावणीतील सैन्याला लागला. सैन्य गेले, तरी शब्द टिकला आणि आज ‘कंपू’ म्हणजे आपमतलबी लोकांचा गट होय. ‘कंपूशाही’ हा शब्दही त्यावरून साधला गेला. ‘पलटण’ हा ‘बटॅलियन’ वा ‘प्लटून’ यावरून आलेला शब्दही लष्करातून घरात शिरला व ‘पोरांची पलटण’ असा प्रयोग रूढ झाला.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर न्यायालये, टपाल व शाळा यांच्याद्वारे शब्दांचा ओघ वाढला. मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली आणि रेल्वेची परिभाषा अशिक्षितांच्याही तोंडी आली. सहकारी पतसंस्थांचा १९०४ चा कायदा, दुसऱ्या महायुद्धकाळातील धान्यनियंत्रण आणि १९५२ मध्ये सुरू झालेला सामूहिक विकास कार्यक्रम यांनी ग्रामीण भागाला ‘सोसायटी’, ‘कंट्रोल’, ‘ब्लॉक’ हे शब्द दिले. स्वातंत्र्योत्तर काळात वीज, शेतीची यंत्रे व आधुनिक वैद्यक ही आदानाची प्रमुख क्षेत्रे ठरली.

अर्थांतराचे प्रकार : (१) अर्थसंकोच : व्यापक अर्थाचा शब्द एका वस्तूपुरता मर्यादित होणे हा सर्वांत सामान्य प्रकार होय. इंग्रजीत ‘ब्लाउज’ म्हणजे स्त्रियांचा कोणताही सैलसर सदरा. मराठीत केवळ साडीवर घालावयाची चोळी. त्यापूर्वी प्रचारात असलेला ‘झंपर’ हा शब्द ‘जंपर’ या बाह्यवस्त्रवाचक शब्दावरून याच अर्थाला आला होता. ‘मास्टर’ या शब्दाचे धनी, स्वामी, निष्णात इ. अर्थ बाजूला पडून ‘मास्तर’ म्हणजे शाळाशिक्षक असा अर्थ स्थिरावला व त्यापासून ‘मास्तरीण’ हे स्त्रीलिंगी रूप मराठी प्रत्ययाने सिद्ध झाले. ‘क्लास’ म्हणजे खाजगी शिकवणी, ‘गॅदरिंग’ म्हणजे शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन, ‘कॉपी’ म्हणजे परीक्षेतील नक्कल. ‘पेन्सिल’ हे पाटीवर लिहिण्याच्या कांडीचे नाव झाल्यामुळे कागदावर लिहिण्याच्या साधनाला ‘शिसपेन्सिल’ हा जोडशब्द घडवावा लागला.

(२) अर्थविस्तार : ‘पॅकेट’ म्हणजे लहान पुडके. त्यावरून आलेले ‘पाकीट’ पत्राचा लिफाफा, पैसे ठेवण्याचे चामडी घडीचे साधन आणि बोलण्यात लाच, इतक्या अर्थांनी वापरले जाते. ‘पाकीटमार’ हा समासही रूढ आहे. ‘तिकीट’ प्रवासाचे असते, तसे टपालाचे असते आणि निवडणुकीतील पक्षाच्या उमेदवारीचेही असते. ‘नंबर’ शब्दाने क्रमांकाखेरीज रांगेतील पाळी व चष्म्याच्या भिंगाची शक्ती हे अर्थ घेतले आहेत. ‘टिन’ म्हणजे वास्तविक कथील. मराठीत ‘टिनाचे पत्रे’ हे छपराच्या लोखंडी पत्र्यांचे नाव आहे.

(३) सान्निध्यजन्य अर्थांतर : एका वस्तूचे नाव तिच्याशी निगडित दुसऱ्या वस्तूला लागणे. ‘लाइट’ म्हणजे प्रकाश; परंतु ‘लाइट गेली’ म्हणजे वीजपुरवठा खंडित झाला. पंखा वा पाण्याचा पंप बंद पडला, तरी भरदिवसा ‘लाइट गेली’ असेच म्हणतात. कारण खेड्यात वीज प्रथम दिव्याच्या रूपाने आली. ‘कंपास’ या शब्दाने इंग्रजीत वर्तुळ काढण्याचे साधन किंवा होकायंत्र सूचित होते. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती भूमितीच्या सर्व साधनांची पेटी असते. बोलपटांना इंग्रजीत ‘टॉकी’ म्हणत. आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटानंतर ‘टॉकीज’ हे अनेकवचनी रूप मराठीत एकवचनी बनले व बोलपट दाखविणाऱ्या इमारतीला लागले. ‘रॉक ऑइल’ म्हणजे खनिज तेल; त्यापासून ‘रॉकेल’ हे दिव्याच्या तेलाचे नाव झाले.

(४) संक्षेपजन्य अर्थांतर : जोडशब्दाचा एक भाग गळून उर्वरित भागाला संपूर्ण अर्थ येतो. ‘पॅसेंजर ट्रेन’ऐवजी केवळ ‘पॅसेंजर’ म्हटल्यामुळे प्रवाशाचे नाव प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीला मिळाले. ‘एसटी’ हा राज्य परिवहन सेवेचा संक्षेप. मराठीत ‘एसटी आली’ म्हणजे बस आली. ‘मोटार’ हे मोटारगाडीचे नाव झाले, तर शेतकऱ्याची ‘मोटर’ म्हणजे विहिरीवरील विजेचा पंप.

(५) अर्थापकर्ष : ‘टंब्लर’ म्हणजे पेला. त्यावरून झालेले ‘टमरेल’ प्रथम पत्र्याच्या भांड्याला व पुढे शौचास नेण्याच्या डब्याला लागले. ‘बाटली’ हा शब्द सामान्य असूनही ‘बाटलीचा नाद’ यात मद्याचाच अर्थ निघतो.

(६) लोकव्युत्पत्ती : अपरिचित ध्वनींना परिचित शब्दाचे रूप देणे. रेल्वेच्या मालवाहू ‘वॅगन’चे मराठीत ‘वाघीण’ झाले आणि हा शब्द अधिकृत लेखनातही स्थिरावला. येथे वस्तू तीच राहिली. तथापि शब्दाचे कुळ बदलले.

जपानी भाषेशी तुलना : उसन्या इंग्रजी शब्दांच्या अर्थांतराचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे जपानी भाषा. १८६८ नंतरच्या मेजी कालखंडात व विशेषतः १९४५ नंतर जपानीने असंख्य इंग्रजी शब्द स्वीकारले. परकीय शब्दांना तेथे ‘गाइराइगो’ अशी संज्ञा आहे आणि इंग्रजी घटकांपासून जपानमध्येच घडविलेल्या वा अर्थ बदललेल्या शब्दांना ‘वासेइ-एइगो’ म्हणतात. इंग्रजी ‘मॅन्शन’ म्हणजे प्रासादतुल्य घर. जपानी ‘मान्शोन’ म्हणजे बहुमजली इमारतीतील सदनिका. ‘स्मार्ट’वरून आलेला ‘सुमातो’ सडपातळ बांध्याचा निदर्शक आहे. मराठीत ‘स्मार्ट’ म्हणजे रुबाबदार वा देखणा. ‘सर्व्हिस’ जपानीत (‘साबिसु’) गिऱ्हाइकाला विनामूल्य दिलेली वस्तू ठरते, तर मराठीत ‘सर्व्हिसला आहे’ म्हणजे पगारी नोकरीत आहे. ‘टेन्शन’ या शब्दाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. जपानीत ‘तेन्शोन’ वाढणे म्हणजे उत्साहाला भरते येणे. मराठीत ‘टेन्शन’ वाढणे म्हणजे काळजी वाढणे. परीक्षेतील नकलेला मराठीने ‘कॉपी’ हा शब्द योजला, तर जपानीने ‘धूर्त’ या अर्थाच्या ‘कनिंग’ शब्दावरून ‘कान्निंगु’ हा.

दोन्ही भाषांनी एकच मार्ग चोखाळला. परंतु प्रत्येकीने तो आपापल्या जीवनाच्या सोयीने आखला. ‘रिक्षा’ हा शब्द तर जपानीतून इंग्रजीमार्गे मराठीत आला आहे. मूळ ‘जिन्‌-रिकि-शा’ याचा अर्थ माणसाच्या बळाने चालणारी गाडी. संक्षेपात माणूस गळाला, बळ व गाडी उरली आणि आज मराठीत रिक्षा म्हणजे मुख्यतः इंजिनावर चालणारे तीनचाकी वाहन होय. जपानमध्ये अशा शब्दांची नोंद घेणारे स्वतंत्र कोश आहेत आणि ते इंग्रजीपासून लिपीनेही वेगळे ओळखू येतात. कारण परकीय शब्द तेथे ‘काताकाना’ या निराळ्या अक्षरमालेत लिहितात. मराठीत सर्व शब्द देवनागरीतच लिहिले जात असल्याने ते लवकर घरचे होतात, मात्र त्यांचे बदललेले अर्थ नजरेआड राहतात.

आमगाव परिसरातील स्थिती : अर्थांतर सर्व मराठी मुलखात एकसारखे झालेले नाही. भाषासीमेवरील प्रदेशात ते अधिक गुंतागुंतीचे असते. आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर आहे; या भागातील मार्ग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने विकसित केला. जवळच मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा व पूर्वेस छत्तीसगढ राज्य आहे. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील हा प्रदेश १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा द्वैभाषिक मध्य प्रांतात (१९५० पासून मध्य प्रदेशात) होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या बोली-भाषांचा येथे नित्य संपर्क असतो.

परिणामी इंग्रजी शब्द येथे दोन वाटांनी येतात : एक प्रमाण मराठीतून व दुसरी हिंदीतून. एकच शब्द दोन अर्थ घेऊन भेटतो. मराठीतील ‘रेशन’ म्हणजे शिधापत्रिकेवर मिळणारे सरकारी धान्य. हिंदीतील ‘राशन’ म्हणजे घरात भरावयाचा कोणताही किराणा. पूर्व विदर्भात पहिल्या अर्थासाठी ‘कंट्रोल’ हा युद्धकालीन शब्द टिकून राहिला. ‘कंट्रोलचा तांदूळ’ या प्रयोगात नियंत्रणाचा अर्थ उरलेला नसून तेथे दुकानाचाच बोध होतो. ज्या तेलाला पश्चिम महाराष्ट्रात ‘रॉकेल’ म्हणतात, त्याला इकडे हिंदीच्या वळणाने ‘मातीचे तेल’ म्हणतात. येथे उसना शब्द न घेता उसनी कल्पना घेतलेली आहे. ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ. विदर्भात ते कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गाचे नाव आहे, मग ती शाळा कोणत्याही संस्थेची असो.

शेतीच्या व्यवहारात हे अधिक ठळकपणे दिसते. ‘बोअर’ म्हणजे छिद्र पाडण्याची क्रिया नव्हे, तर विंधनविहीर. ‘ट्रॉली’ म्हणजे ट्रॅक्टरला जोडावयाची मालवाहू गाडी. ‘सोसायटी’ म्हणजे पीककर्ज देणारी सहकारी संस्था. मुंबईत हाच शब्द गृहनिर्माण संस्थेचा व पर्यायाने इमारतीचा वाचक आहे. ‘ब्लॉक’ मुंबईत सदनिकेला म्हणत, तर ग्रामीण भागात तो विकासगट असतो. धानपट्ट्यातील ‘बोनस’ हा शब्दही असाच आहे. मूळ अर्थ वेतनाखेरीज कामगाराला दिलेली जादा रक्कम. गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात तो धानाच्या हमीभावाखेरीज राज्य शासनाकडून मिळणाऱ्या प्रोत्साहनपर रकमेचा वाचक आहे. ही रक्कम आधी प्रतिक्विंटल दिली जाई. पुढे ती मर्यादित क्षेत्रासाठी प्रतिहेक्टर देण्यात आली. हिशेबाचा पाया बदलला, तरी शब्द तोच राहिला. त्यामुळे ‘बोनस’ केवळ ऐकून शेतकऱ्याला आपला हक्क नेमका किती हे कळू शकत नाही, त्यासाठी शासननिर्णयाची भाषा पाहावी लागते.

व्यावहारिक परिणाम : अर्थांतर ही भाषेची स्वाभाविक क्रिया असली, तरी जेथे एकाच शब्दाने दोन पक्ष दोन गोष्टी समजतात, तेथे ती हानिकारक ठरू शकते. वैद्यकाचे क्षेत्र या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. ‘शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आहे आणि ‘बीपी आहे’ म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे, असे रूढीने समजले जाते. परंतु रक्तदाब कमी होण्याचा विकार असलेला रुग्णही ‘बीपीचा त्रास’ असेच सांगतो. ‘सलाइन’ म्हणजे लवणयुक्त द्रव. शरीरद्रवाशी समतोल असे सामान्य सलाइन ०·९ टक्के मिठाचे असते. लोकभाषेत शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक द्रवाला, त्यात साखर असली तरी, सलाइन म्हणतात आणि ते शक्तिवर्धक समजून त्याचा आग्रहही धरतात. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत मीठ व साखर यांतील फरक महत्त्वाचा असतो. शब्दात मात्र तो उरलेला नसतो. छातीतील कळेला ‘गॅस’ म्हणण्याची सवय तर घातक होऊ शकते. कारण हृदयविकाराच्या वेदनेलाही तेच नाव दिले जाऊन उपचारास विलंब होतो. तपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येणे म्हणजे रोगाचा पुरावा मिळणे. उलट ‘पॉझिटिव्ह विचार’ म्हणजे हितकारक विचार. नवख्या माणसाने पहिल्याचा अर्थ दुसऱ्यावरून लावणे असंभवनीय नाही.

पूर्व विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द याच कारणाने लक्षणीय ठरतो. इंग्रजीत त्याचा अर्थ विळ्याच्या आकाराची रक्तपेशी. मराठीत शब्दाचा हा उघड अर्थ लोपून तो केवळ रोगाचे नाव राहिला आहे. या आनुवंशिक विकारात ज्याला माता व पिता या दोघांकडून दोष मिळतो तो रुग्ण व ज्याला एकाकडूनच मिळतो तो वाहक होय. वाहक सामान्यतः निरोगी जीवन जगतो. परंतु दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘त्याला सिकलसेल आहे’ या एका वाक्यात रुग्ण व वाहक हा भेद पुसला जातो. परिणामी निरोगी वाहकाला रोगी ठरविले जाण्याचा, तसेच विवाहापूर्वीच्या तपासणीचे महत्त्व न कळण्याचा असे दोन्ही धोके संभवतात. या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. अशा कार्यात ‘वाहक’ व ‘रुग्ण’ हे दोन मराठी शब्द काटेकोरपणे वापरणे हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

भाषाशुद्धी, कोश व शिक्षण : वि. दा. सावरकर (१८८३–१९६६) व माधव ज्यूलियन (१८९४–१९३९) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. माधव ज्यूलियन यांचा भाषाशुद्धि-विवेक हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. या चळवळीने मराठीला ‘महापौर’, ‘चित्रपट’ यांसारखे समर्थ शब्द दिले. जपानमध्येही दुसऱ्या महायुद्धकाळात बेसबॉलमधील इंग्रजी संज्ञांच्या जागी जपानी शब्द योजण्यात आले; परंतु युद्धानंतर इंग्रजी संज्ञा परतल्या. प्रतिशब्द घडविताना मूळ इंग्रजी अर्थ समोर ठेवल्यास अर्थांतरित शब्दाला तो लागू पडत नाही. ‘नंबर’ला ‘क्रमांक’ हा प्रतिशब्द योग्य असला, तरी ‘माझा नंबर आला’ यासाठी ‘पाळी’ हाच शब्द हवा आणि चष्म्याच्या नंबरासाठी हे दोन्ही निरुपयोगी ठरतात. प्रतिशब्द शब्दाला नव्हे, तर त्याच्या मराठीतील प्रत्येक अर्थाला द्यावा लागतो.

याकरिता कोशकाराने असे शब्द मराठी शब्द म्हणूनच नोंदविणे आवश्यक आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) लोकांच्या तोंडचा शब्द टिपण्याचा आदर्श घालून दिला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) बोलींतील शब्दांचीही दखल घेतो. त्यानंतरच्या काळात आलेल्या शब्दांचे अर्थ, विशेषतः विदर्भासारख्या सीमावर्ती प्रदेशातील प्रयोग, याच पद्धतीने स्थळनिर्देशासह संकलित व्हावयास हवेत. महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात असल्याने शिक्षकालाही या ज्ञानाचा उपयोग आहे. ‘हॉटेल’, ‘क्लास’, ‘लाइट’ हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच जाणते. मात्र ते मराठी अर्थाने जाणते. हे अर्थ चुकीचे ठरवून खोडण्यापेक्षा दोन्ही भाषांतील अर्थ शेजारी मांडून दाखविल्यास मुलाची इंग्रजी अचूक होते व मराठीही अबाधित राहते.